चिप शिकवता, तर कोड जपायलाही शिकवा

महोदय,

२०२३ मध्ये तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने व्हीएलएसआय (म्हणजे चिप) डिझाइनच्या बीटेकसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम दिला. केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ योजनेचे उद्दिष्ट ८५ हजार मनुष्यबळ घडवण्याचे आहे. या विद्यार्थ्यांना व्हेरिलॉग ही सर्किटचे वर्णन करणारी भाषा येते, पण तिच्यात लिहिलेले मॉड्यूल (सर्किटचा एक सुटा भाग) दुसऱ्याच्या कामी येईल असे कसे ठेवायचे, याला प्रात्यक्षिकात क्वचितच जागा मिळते. मग तेच यूएआरटी (सिरियल संपर्काचे सर्किट) आणि तेच फिफो (डेटाची रांग) दर वर्षी नव्याने लिहिले जातात, नाहीतर पेनड्राइव्हवरच्या झिपमधून उचलले जातात. कोणती आवृत्ती चालत होती, फायली कोणत्या क्रमाने कंपाइल करायच्या, याची नोंद त्या झिपमध्ये नसते.

यासाठी लागणारी साधने मोफत आहेत. फ्यूजसॉक हे हार्डवेअरच्या कोडची पॅकेजे सांभाळणारे साधन पायथनच्या पिप या इन्स्टॉलरने बसते. प्रत्येक मॉड्यूलसोबत एक ‘.कोअर’ (.core) फाइल ठेवायची; तिची पहिली ओळ ‘कॅपी=२:’ (CAPI=2:) हीच हवी, नाहीतर फाइल ओळखलीच जात नाही. पुढे चार भागांचे नाव: निर्माता, संग्रह, नाव, आवृत्ती. मग फाइलसेट, म्हणजे फायलींचे संच. मूळ कोड आणि टेस्टबेंच (चाचणीचा कोड) यांचे संच वेगळे ठेवावेत, म्हणजे टेस्टबेंच सिंथेसिसमध्ये (कोडचे सर्किट बनवताना) घुसत नाही. एका संचातल्या फायली लिहिलेल्या क्रमानेच जातात, म्हणून सिस्टमव्हेरिलॉगचे पॅकेज त्याला इम्पोर्ट करणाऱ्या मॉड्यूलच्या आधी हवे. हेडर फाइलवर ती इन्क्लूड फाइल असल्याची खूण केली नाही, तर तीही स्वतंत्र फाइल म्हणून कंपाइल होऊ लागते.

नवशिक्यांची नेहमीची अडचण ‘डिफॉल्ट’ टार्गेटची. टार्गेट म्हणजे कोणत्या कामाला कोणते फाइलसेट घ्यायचे, याची ‘.कोअर’ फाइलमधली नोंद. फक्त सिम्युलेशनचे टार्गेट लिहिले, की स्वतःचा प्रकल्प व्यवस्थित चालतो. दुसऱ्याने तोच कोअर अवलंबन म्हणून, म्हणजे आपल्या प्रकल्पाला लागणारा भाग म्हणून घेतला, की ‘मॉड्यूल सापडत नाही’ अशी तक्रार येते, कारण अवलंबनातून डिफॉल्ट टार्गेटच्याच फायली घेतल्या जातात.

ईटीएच झ्युरिक या विद्यापीठाच्या पल्प प्रकल्पातले बेंडर हे असेच दुसरे साधन. ते गिट या कोडच्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या प्रणालीतल्या टॅगवर (आवृत्तीच्या खुणांवर) चालते. ‘बेंडर अपडेट’ने आवृत्त्या ठरतात आणि लॉक फाइलमध्ये लिहिल्या जातात. ही लॉक फाइल गिटमध्ये ठेवलीच पाहिजे, आणि सबमिशनच्या तोंडावर अपडेट चालवू नये.

सॉफ्टवेअरच्या सवयी इथे जशाच्या तशा चालत नाहीत, हे शिक्षकांनी आवर्जून सांगायला हवे. जावास्क्रिप्टमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या एकत्र नांदतात. व्हेरिलॉगमध्ये मॉड्यूलची नावे सगळ्या डिझाइनला सामाईक असतात. ‘फिफो’ नावाची दोन मॉड्यूल आली, की काही सिम्युलेटर थांबतात, तर काही नुसता इशारा देऊन एकच व्याख्या वापरतात. हा दुसरा प्रकार अधिक घातक. म्हणून मॉड्यूलच्या नावाला प्रकल्पाचा उपसर्ग लावावा. आयबेक्स या खुल्या प्रोसेसरमध्ये तसा तो लावलेला दिसतो.

आवृत्तीच्या आकड्याचेही तसेच. पोर्ट (मॉड्यूलच्या जोडणीची टोके) तेच ठेवून उत्तर एक क्लॉक उशिरा येऊ लागले किंवा रिसेटची ध्रुवता (तो ० वर चालतो की १ वर) उलटली, तर कोड विनातक्रार कंपाइल होतो आणि सर्किट चुकते. असा बदल केला की आवृत्तीचा पहिला आकडा वाढलाच पाहिजे. १.२.० वरून १.२.१ केले, तर ‘सुसंगत आवृत्ती चालेल’ असे लिहून ठेवलेल्या प्रत्येक प्रकल्पात ती चूक पुढच्या अपडेटला शिरू शकते. हा नियम कुठलेही साधन आपोआप पाळून देत नाही. तो डिझाइन करणाऱ्यानेच पाळायचा असतो, म्हणून तर शिकवायला हवा.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना विनंती आहे, की शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाच्या टर्मवर्कमध्ये यासाठी गुण ठेवावेत. परीक्षकाने फक्त इकारस व्हेरिलॉग व व्हेरिलेटर हे सिम्युलेटर आणि फ्यूजसॉक असलेल्या संगणकावर प्रकल्प क्लोन करावा आणि एका आज्ञेत सिम्युलेशन चालते का ते पाहावे. सोबत परवान्याची फाइल हवी. ती नसेल तर कोड कायदेशीरपणे दुसऱ्या कुणालाच वापरता येत नाही. सरावाला सर्व्ह हा छोटा रिस्क-व्ही (खुल्या आज्ञासंचावरचा) प्रोसेसर घ्यावा: त्याच्या कोअर फायली तयार आहेत आणि लिंट (कोडमधल्या चुका तपासणारे) टार्गेट प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावरही चालते.

– एक डिजिटल डिझाइन अभियंता, पुणे