विभागातून पत्र

प्रिय मित्रा,

विभागात काय चाललंय आणि बालरोगशास्त्रात नवं काय घडतंय, असं तू विचारलंस. दोन्ही एकदमच लिहितो, कारण इथे राहून मला ती वेगळी वाटेनाशी झाली आहेत.

आपले सर निवृत्त झाले. भाषण करायला त्यांनी साफ नकार दिला आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेहमीसारखा राउंड घेऊन गेले. आता मॅडम विभागप्रमुख आहेत. सहयोगी प्राध्यापकाचं एक पद अजून रिकामंच आहे, त्यामुळे थिसिस तपासायला रात्रच उरते. सगळ्यात आनंदाची बातमी मात्र आपल्या रात्रपाळीच्या सिस्टरांची: त्या रिसर्च कोऑर्डिनेटर झाल्या! पहिल्या वर्षी एवढ्याशा हातावर आयव्ही लावायला आपल्याला त्यांनीच शिकवलं होतं. आता पालकांना अभ्यास समजावून सांगण्यापासून पाठपुराव्याच्या फोनपर्यंत सगळं त्या बघतात. ही बढती फार आधी व्हायला हवी होती.

त्यांच्यामुळेच मी कांगारू केअरचा, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याच्या पद्धतीचा, २०२१ चा अभ्यास पुन्हा काढून वाचला. बोगोटात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सुरू झाली, तरी कमी वजनाचं बाळ स्थिर झाल्यावरच आईजवळ द्यायचं, हेच आपण शिकलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या अभ्यासात भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलं गेलं. २८ दिवसांतला मृत्यूदर नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होता, या गटात १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. मला सर्वांत भावतं ते त्यामागचं काम: आईला एनआयसीयूतच खाट द्यायची, तिची प्रसूतीनंतरची काळजी तिथेच घ्यायची, बाळ छातीवर असताना सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र) आणि सलाइन सांभाळायचं. दिवसाला सरासरी सतरा तास! हे सगळं तिथल्या सिस्टरांनी निभावलं. यात नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, म्हणून त्याची चर्चा कमी झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकाची बातमी तू ऐकली असशीलच. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात डॉ. रेबेका अहरेन्स-निकलस आणि डॉ. किरण मुसुनुरू यांच्या गटाने सीपीएस१ या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या एका बाळासाठी, फक्त त्याच्याच जनुकातला दोष दुरुस्त करणारं औषध साधारण सहा महिन्यांत तयार केलं. या आजारात अमोनियाचं युरियात रूपांतर होत नाही आणि मेंदूला इजा होते, हे तुला सांगायला नको. मेदकणांत भरलेलं ते औषध शिरेतून यकृतात पोचलं. बाळाला आहारात जास्त प्रथिनं चालू लागली, अमोनिया उतरवणाऱ्या औषधाचा डोसही कमी करता आला. पूर्ण बरं झालं असं कुणी म्हणत नाही, वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागेल. आपली एक रेसिडेंट हे वाचून चयापचय विकारांच्या फेलोशिपला निघाली आहे. तिच्या जाण्याने युनिट लंगडं होईल, तरी शिफारसपत्र मी मनापासून लिहिलं.

तान्ह्या बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणाऱ्या आरएसव्ही विषाणूपासून बचावासाठी निर्सेव्हिमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन आलंय. पूर्वी हंगामात दर महिन्याला इंजेक्शन लागायचं, आता एकाच डोसवर भागतं. त्यावर सविस्तर भेटीतच बोलू.

तुझ्याकडे एक मागणं आहे. आमच्याकडून घरी गेलेली कमी दिवसांची बरीच बाळं लसीकरणाला तुझ्या क्लिनिकमध्ये येतात आणि मग आमच्या यादीतून निसटतात. दोन वर्षांच्या विकास तपासणीला त्यांना इकडे पाठवशील का? पालक तुझं ऐकतात. सिस्टर तुला या आठवड्यात फोन करतील, यादी त्यांच्याकडे तयार आहे.

तुझाच,
जुना रूममेट