जुना संगणक आणि दुरुस्तीचा क्रम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. संगणक अधूनमधून आपोआप बंद पडतो, त्याचे घड्याळ भलतेच साल दाखवते आणि आता हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला आहे, हे वाचून मला यंत्रापेक्षा त्यात साठलेल्या तुझ्या लेखनाची आणि वडिलांच्या छायाचित्रांची अधिक काळजी वाटली. म्हणून दुरुस्ती करावी की नवा घ्यावा, या तुझ्या प्रश्नाआधी एक आग्रह धरतो : त्या डिस्कवरची माहिती दुसरीकडे सुरक्षित उतरवल्याशिवाय तो संगणक पुन्हा सुरू करू नकोस.

टकटक म्हणजे डिस्क मेलीच, असे मात्र समजू नकोस. तिला पुरेसा वीजदाब मिळाला नाही किंवा केबल सैल असली, तरीही असा आवाज येऊ शकतो. यासाठी ती डिस्क काढून एखाद्या धडधाकट संगणकाला जोडून पाहा. तिथेही टकटक चालू राहिली, तर वीज ताबडतोब बंद कर आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे डिस्क सोपव. अशा अवस्थेत ती जितकी फिरेल तितके नुकसान वाढण्याचा धोका असतो. आवाज थांबला, तर जे पुन्हा कुठेही मिळणार नाही ते सर्वांत आधी उतरवून घे. मध्येच वाचन अडखळू लागले, तरी डिस्क ‘दुरुस्त’ करणारी आज्ञा चालवू नकोस, कारण ती मूळ डिस्कवरच लिहिते. त्याऐवजी ‘डीडीरेस्क्यू’ वापर. हा मोफत प्रोग्राम सहज वाचता येणारा भाग आधी उतरवून घेतो, हट्टी भागाकडे नंतर वळतो आणि कुठपर्यंत वाचले याची नोंदही ठेवतो. हे सगळे झाल्यावर डिस्कचा ‘स्मार्ट’ अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद, पाहा. त्यातला ५ हा क्रमांक बाद ठरल्याने बदललेले सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, दाखवतो आणि १९७ क्रमांक वाचता न आल्याने निर्णयासाठी ताटकळलेले सेक्टर. हे आकडे वाढत असतील, तर त्या डिस्कवर पुढे विसंबण्यात अर्थ नाही.

आता आपोआप बंद पडण्याविषयी. माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर आहे. मदरबोर्ड, डिस्क, पंखे या सर्वांना वीज तिथूनच जाते, त्यामुळे तो कमकुवत झाला की दोष भलत्याच भागात असल्यासारखा भासतो आणि माणूस चांगली रॅम, चांगली डिस्क बदलत बसतो. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तिन्ही वाहिन्यांमध्ये ५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो; म्हणजे १२ व्होल्टची वाहिनी ११.४ आणि १२.६ यांच्या दरम्यान राहायला हवी. मल्टिमीटरने हे मोजताना संगणकाला काहीतरी जड काम लावून मोज, कारण रिकामा असताना दुबळा एसएमपीएससुद्धा बरोबर आकडे दाखवू शकतो. आकडे घसरले, तर संपूर्ण एसएमपीएस बदल. तो उघडण्याच्या फंदात कृपा करून पडू नकोस. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. नवा घेण्याआधी त्याचा आकार आणि मदरबोर्डकडे जाणारा जोड नीट पाहून ठेव, कारण काही कंपन्यांच्या तयार संगणकांत हे दोन्ही नेहमीच्या एटीएक्स मापाचे नसतात.

प्रोसेसर फार तापला तरी संगणक असाच स्वतःहून बंद होतो. तेव्हा पंख्यावरची धूळ काढ, आणि प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर जुनी पुसून नवी लाव. रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा घट्ट बसव आणि ‘मेमटेस्ट’ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालव. एक चूक निघाली तरी पट्ट्या एकेक करून तपास. घड्याळाचे दुखणे मात्र अगदी किरकोळ आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा बटन सेल संपला असणार. तो बदल आणि बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, तारीख भर.

डिस्क बदलावी लागली, तर तिच्या जागी साटा एसएसडी, म्हणजे साटा जोडणीची, चिपवर माहिती साठवणारी डिस्क घे. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८ मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो आणि दर वाचनामागे सरासरी अर्धी फेरी वाट पाहण्यात जाते. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे ही वाट पाहणे उरत नाही. जुन्या संगणकाला पुन्हा कामाचा करणारा बदल कोणता असे कोणी विचारले, तर मी निःशंकपणे याचेच नाव घेईन. शिवाय हा भाग उद्या नव्या संगणकातही लावता येतो.

रॅमचे तसे नाही. तुझ्याकडची डीडीआर३ या जुन्या पिढीची आहे आणि त्यानंतरच्या डीडीआर४च्या जागेत ती बसतच नाही, त्यामुळे तिच्यावरचा खर्च या यंत्राबरोबरच संपेल. आणि मदरबोर्डच बिघडला असेल, त्यावरचे कपॅसिटर फुगलेले किंवा गळलेले दिसत असतील, तर मी थांबायला सांगेन. निष्णात हात ते बदलू शकतो, हे खरे. पण त्या पिढीचा दुसरा बोर्ड बहुधा वापरलेलाच मिळेल आणि त्याचेही वय तेवढेच झालेले असेल.

आणखी एक गोष्ट हिशेबात धर. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार, म्हणजे सुरक्षेच्या नियमित सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या अटींत तुझा प्रोसेसर बसत नाही. तुझे काम लेखन, पत्रव्यवहार आणि वाचन एवढेच असल्यामुळे मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालण्याच्या बाजूने आहे. देवनागरी टंकलेखन तिथे व्यवस्थित होते.

माहिती उतरवून झाली की तसे लगेच कळव, आणि त्यानंतर मल्टिमीटरचे तिन्ही आकडे व ‘स्मार्ट’ अहवालातले ते दोन क्रमांक लिहून पाठव. ते हाती येईपर्यंत कोणताही भाग विकत घेऊ नकोस.

तुझा स्नेहांकित