मित्रास पत्र : सामायिक मॉड्यूलमधील फाइल कोणी उघडावी, कोणी बंद करावी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दर, सवलत, शिल्लक ही सगळी कामे आरपीजी भाषेतल्या वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून काढून आयबीएम आय या यंत्रणेवरच्या एकाच सर्व्हिस प्रोग्रॅममध्ये (इतर प्रोग्रॅमनी वापरायच्या सामायिक प्रोसीजरच्या संचात) आणण्याचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. त्यातल्या फाइली कोणी उघडायच्या आणि कोणी बंद करायच्या, हा तुझा प्रश्न मला त्या कामातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण ज्या पद्धतीत शिकलो तिच्यात हा प्रश्न पडत नसे, कारण प्रोग्रॅम सुरू होताच आरपीजीचे चक्र फाइली उघडत असे आणि एलआर इंडिकेटर (‘काम संपले’ ही खूण) लावून बाहेर पडले की त्या आपोआप बंद होत. सर्व्हिस प्रोग्रॅमसाठी लिहितात त्या नोमेन मॉड्यूलमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम नसलेल्या, नुसत्या प्रोसीजरच्या मॉड्यूलमध्ये, हे चक्रच नाही. यूएसआरओपीएन (‘फाइल मी स्वतः उघडीन’ असे सांगणारा शब्द) न लिहिता जाहीर केलेली ग्लोबल, म्हणजे मॉड्यूलमधल्या सर्व प्रोसीजरची सामायिक, फाइल मॉड्यूलमधल्या कोणत्याही प्रोसीजरला पहिला कॉल जाताच उघडते, परंतु एलआर कितीही वेळा लावला तरी ती बंद होत नाही. तू स्वतः क्लोज करेपर्यंत किंवा ॲक्टिव्हेशन ग्रुप (जॉबमधला प्रोग्रॅम चालण्याचा स्वतंत्र कप्पा) संपेपर्यंत ती उघडीच राहते. शिवाय ती आपोआप उघडण्याचे काम एकदाच होते. मध्येच कोणी ती बंद केली, तर पुढच्या कॉलला ती पुन्हा उघडत नाही आणि वाचायला जाताच स्टेटस १२११ (बंद फाइलीवर वाचन-लेखनाची चूक) येऊन काम थांबते.

थांबलेले काम निदान दिसते तरी. मला जास्त भीती वाटते ती न थांबणाऱ्या कामाची. समज, रात्रीच्या एकाच जॉबमध्ये तीन कंपन्यांचे हिशेब होतात, प्रत्येक कंपनीची लायब्ररी निराळी आहे आणि दरांची फाइल मात्र तिन्हींकडे त्याच नावाची आहे. पहिल्या कंपनीचे काम झाले, जॉब चालवणाऱ्या सीएल (यंत्रणेच्या आज्ञांच्या भाषेतल्या) प्रोग्रॅमने लायब्ररी लिस्ट, म्हणजे फाइली कोणत्या लायब्ररींत शोधायच्या ती यादी, बदलली आणि दुसऱ्या कंपनीसाठी तुझ्या मॉड्यूलला दर विचारला. लायब्ररी लिस्ट पाहिली जाते ती फाइल उघडताना. तुझी फाइल तर आधीच उघडी आहे, त्यामुळे मॉड्यूल पहिल्या कंपनीचाच दर निमूटपणे देते. ओव्हरराइडचेही, म्हणजे एका फाइलीऐवजी दुसरी वापरायला सांगण्याचेही, असेच आहे : उघड्या फाइलीवर मागाहून दिलेल्या ओव्हीआरडीबीएफ या ओव्हरराइडच्या आज्ञेचा काही परिणाम होत नाही. चूक कळते ती थेट ग्राहकाच्या बिलावर, आणि तोवर जॉब लॉग अगदी स्वच्छ असतो.

म्हणून माझे मत असे, की मॉड्यूलमधली प्रत्येक ग्लोबल फाइल यूएसआरओपीएनने जाहीर करावी आणि तिचे उघडणे व बंद होणे पूर्णपणे त्या मॉड्यूलच्याच हाती ठेवावे. प्रत्येक प्रोसीजरच्या आरंभी %ओपन या फंक्शनने फाइल उघडी आहे का ते पाहावे, फाइल उघडी नसेल तरच उघडावी. न पाहता उघडायला गेलास आणि ती उघडीच असली तर स्टेटस १२१५ येतो. बंद करण्यासाठी एक स्वतंत्र प्रोसीजर एक्सपोर्ट करावी, म्हणजे बाहेरून बोलावता येईल अशी ठेवावी, आणि सर्वांत बाहेरच्या प्रोग्रॅमने ती काम संपताना, तसेच प्रत्येक वेळी लायब्ररी लिस्ट बदलण्यापूर्वी, कॉल करावी. बंद असलेली फाइल पुन्हा क्लोज केल्याने चूक येत नाही, त्यामुळे हा कॉल एखादे वेळी जास्तीचा झाला तरी बिघडत नाही. प्रत्येक कॉलनंतर फाइल बंद करण्याचा तू लिहिलेला उपाय मात्र करू नकोस, कारण फाइल उघडताना यंत्रणेला दर वेळी नवा ओपन डेटा पाथ (प्रोग्रॅम आणि फाइल यांना जोडणारा मार्ग) उभारावा लागतो आणि लाखो ओळींच्या बॅचमध्ये बराचसा वेळ त्यातच जातो.

दुसरी गोष्ट कर्सरची, म्हणजे फाइलीत वाचन कुठवर आले त्या जागेची. एक प्रोसीजर एसईटीएलएल (जागा ठरवणे) आणि रीडई (त्याच किल्लीची पुढची नोंद वाचणे) या आज्ञांनी ऑर्डरच्या ओळी एकेक करून वाचते आहे आणि मध्येच त्याच मॉड्यूलमधली सवलतीची प्रोसीजर ऑर्डरची बेरीज काढण्यासाठी तीच ग्लोबल फाइल शेवटपर्यंत वाचते. परत आल्यावर पहिल्या प्रोसीजरला पुढची ओळ मिळत नाही आणि पाच ओळींची ऑर्डर एकाच ओळीवर संपते. अशा ठिकाणी यंत्रणेच्या व्ही६आर१ आवृत्तीपासून मिळालेली लोकल, म्हणजे प्रोसीजरच्या आतच जाहीर केलेली, फाइल वापर. ती प्रोसीजरबरोबर उघडते, परतताना बंद होते आणि प्रत्येक कॉलला तिचा स्वतःचा कर्सर असतो. तिचे वाचन-लेखन डेटा स्ट्रक्चरमधूनच करावे लागते, पण ती शिस्त चांगलीच आहे. तिला स्टॅटिक (कॉल संपल्यावरही टिकून राहणारी) करू नकोस, नाहीतर कॉलमागून कॉल तोच कर्सर पुन्हा सामायिक होईल.

फक्त लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलीतल्या नोंदी बफरमध्ये साठून राहू शकतात. त्या लगेच दुसऱ्या प्रोग्रॅमला दिसायला हव्या असतील तर एफईओडी (बफर रिकामा करून नोंदी फाइलीत लिहिण्याची आज्ञा) कर किंवा फाइल बंद कर.

आता ॲक्टिव्हेशन ग्रुप. तुझा सर्व्हिस प्रोग्रॅम *कॉलरने, म्हणजे बोलावणाऱ्याच्याच ग्रुपमध्ये चालेल असा, बांधलेला आहे आणि बोलावणारे प्रोग्रॅम दोन वेगळ्या ग्रुपमध्ये चालतात, म्हणजे त्याच जॉबमध्ये मॉड्यूलच्या दोन प्रती आणि त्याच फाइलीचे दोन ओपन तयार होतात. शिलकीची फाइल अपडेटसाठी उघडलेली असेल, तर एका प्रतीने धरलेल्या नोंदीसाठी दुसरी प्रत ताटकळते. फाइलीचा डब्ल्यूएआयटीआरसीडी (नोंदीसाठी किती वेळ थांबायचे तो आकडा) मूळचाच असेल तर ६० सेकंदांनी स्टेटस १२१८ (नोंद दुसऱ्याने धरलेली) मिळतो. शिवाय बंद करण्याची प्रोसीजर ज्या ग्रुपमधून कॉल करशील, त्याच ग्रुपची प्रत बंद होते. म्हणून सर्व्हिस प्रोग्रॅमला नाव दिलेला एकच ग्रुप दे, आणि जिथे नुसती शिल्लक पाहायची आहे तिथे फाइल केवळ वाचनासाठी जाहीर कर.

तुझ्या मॉड्यूलमधली फाइलींची डिक्लरेशन आणि बाइंडर सोर्स (एक्सपोर्ट केलेल्या प्रोसीजरची यादी) पाठव, म्हणजे कोणती फाइल लोकल करता येईल ते खुणा करून कळवतो.

तुझा मित्र