लेकराचं उष्टं

मिसिसागा, ऑन्टारियो
१० नोव्हेंबर

ति. आईस व ति. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर दोनदा सांगायला गेलो. एकदा पद्माअत्ता येऊन बसल्या. दुसऱ्यांदा अण्णा "काय म्हणतोय, काय म्हणतोय" करत राहिले आणि तू "बरं आहे म्हणतोय" म्हणून मोकळी झालीस. म्हणून पत्र. मनीषा बाळंतपणाला आली की तिच्याकडून वाचून घ्या. खरं म्हणजे तिच्यासाठीच लिहितोय.

रेवाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

जन्मली तेव्हा दोन्ही कान पास होते, तो कागद मी तुला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पण इथं बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवतात आणि त्यात बऱ्याच आजारांबरोबर सीएमव्ही नावाचा विषाणूही शोधतात. ऑन्टारियोत हे २०१९ पासून चालू आहे. रेवा बारा दिवसांची असताना फोन आला. मग लघवी तपासायची म्हणून तिला छोटी प्लास्टिकची पिशवी चिकटवली, ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा जमलं. विषाणू आहे हे पक्कं झालं. डोक्याची सोनोग्राफी, डोळे, रक्त, सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, अशी दहातली नऊ बाळं जन्मताना ठणठणीतच दिसतात. ऐकू येणं मात्र यात नंतरही कमी होत जाऊ शकतं, म्हणून कान अधूनमधून तपासत राहायचे.

चौथ्या महिन्यातल्या तपासणीचं सांगतो. बाळ झोपलेलं लागतं, पण गाडीत झोपू द्यायचं नाही, तिथं गेल्यावर झोपवायचं. स्वाती मागच्या सीटवर बसून वाटभर तिचे तळवे कुरवाळत होती आणि रेवा आम्हा दोघांना शिव्या दिल्यासारखी रडत होती. पोचल्यावर दूध पाजलं, झोपली. कपाळावर आणि कानामागे चिकट्या लावल्या, कानात आवाज सोडणारं मऊ बूच घातलं आणि टिकटिक सुरू केली. कानात आवाज गेला की मेंदूकडून जी बारीकशी लहर निघते, ती मशीन टिपतं. उजव्या कानाची रेघ छान वरखाली होत होती. डाव्या कानाला हळू आवाज दिला की रेघ सपाट. आवाज वाढवला तेव्हा कुठं एक उंचवटा आला. दीड तास आम्ही त्या रेघेकडं बघत बसलो होतो. बाई काही बोलायच्या आतच मला कळलं होतं.

तू म्हणशील, व्हिडिओवर मी ताट वाजवलं तेव्हा दचकली की! दचकणारच. एक कान धड असला तरी ताट ऐकू येतं. पण आवाज कुठून आला ते कळायला दोन कान लागतात. उद्या गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत तू मागून हाक मारलीस तर ही भलतीकडेच बघेल. आणि आज जेवढं ऐकू येतं तेवढं उद्या राहीलच असं नाही, उजव्या कानावरही लक्ष ठेवायचंय. डाव्याला ऐकायचं मशीन बसवायचंय, पुढच्या महिन्यात त्यासाठी कानाचा साचा घेणार आहेत. या विषाणूवर औषध आहे, जन्मानंतर महिन्याभरात सुरू करून सहा महिने देतात. पण त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून सगळ्यांना देत नाहीत. रेवाला तेव्हा काही लक्षण नव्हतं, डॉक्टरांनी दिलं नाही.

आता ते ग्रहणाचं, पोटुशी असताना स्वातीनं ग्रहणात काहीतरी चिरलं म्हणून असं झालं म्हणतेस ते. आई, स्वातीनं ग्रहणात काही चिरलं नाही आणि चिरलं असतं तरी काही झालं नसतं. तू फोनवर बोललीस ते तिनं ऐकलंय. हा विषाणू गरोदर आईकडून पोटातल्या बाळाला जातो, आणि आईला तो बऱ्याचदा लहान पोरांकडून लागतो, त्यांच्या लाळेत आणि लघवीत असतो. त्यांना काहीच होत नाही, पण ती महिनोन्‌महिने तो पसरवत राहतात. ओम इथं पाळणाघरात जातो. घरी आला की अर्धी पोळी खायची, अर्धी आईनं संपवायची. लेकराचं उष्टं आईनं खायचं, हे तूच शिकवलंस ना आम्हाला? ओमकडूनच आला असेल असं डॉक्टर काही खात्रीनं म्हणाले नाहीत. पण गरोदर बाईनं काय टाळावं, तर पहिलं हेच सांगतात.

म्हणून मनीषा, आरवची उरलेली शेंगाचटणी-भाकरी आता आईला खाऊ दे, नाहीतर गाईला. त्याचा चमचा तोंडात घालू नको. पापा घ्यायचा तर कपाळाचा घे. शेंबूड पुसला, लंगोट बदलला की साबणानं हात धू. गरोदरपणात टॉर्च नावाची रक्ततपासणी करतात, तीत सीएमव्हीचा आयजीजी पॉझिटिव्ह आला तर घाबरू नको. आपल्याकडं बहुतेक बायकांना हा लहानपणीच होऊन गेलेला असतो, ही त्याची जुनी खूण. पण होऊन गेला म्हणून निर्धास्तही राहू नको. तो परत जागा होतो, दुसऱ्या प्रकारचाही लागतो.

बाळ झाल्यावर घरी यायच्या आधी कानांची ओएई तपासणी, म्हणजे नवजात बाळाला ऐकू येतं का ते बघणारी, मागून घे. तिथं होत नसेल तर सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात जा. एका जरी कानात नापास आलं तर "महिन्यानं बघू" ऐकून परत येऊ नको, तिथल्या तिथं लघवीच्या सीएमव्ही पीसीआरचं विचार. एकवीस दिवस गेले की विषाणू पोटातच लागला होता की नंतर दुधातून आला, हे त्या तपासणीवरून ठरवता येत नाही.

ओमच्या वेळी मी मूर्खासारखा गप्प बसलो होतो. सोलापुरातलं चांगलं नावाजलेलं हॉस्पिटल, डिस्चार्ज कार्डावर वजन, लशी, सगळं होतं. कानांबद्दल विचारलं तर नर्स म्हणाली, "रडतंय की चांगलं, कान चांगलेच असणार." मी हसून पैसे भरले. ओमचे कान चांगले निघाले, त्यात त्या हॉस्पिटलचं काही कौतुक नाही.

अण्णा, तुम्हाला आता आमचं बोलणं नीट ऐकू येत नाही, ते तीस वर्षं कापडाच्या मागावर काढली म्हणून. त्या खटखटीचा दोष कधी कुणी तुमच्या माथी मारला नाही. स्वातीच्या बाबतीतही आईला तेवढंच सांगा.

राहुल जानेवारीत येतोय, त्याच्याबरोबर चटणी आणि कडक भाकरी पाठव. ओमला अजून तीच लागते.

तुमचा,
महेश

ता. क. व्हिडिओ लावलास की आम्ही फोन तिच्या उजव्या बाजूला धरतो. तू "रेवू" म्हणतेस तेव्हा ती वळते, ताटाची गरज नाही.