आकड्यांच्या लांबलचक रांगा आवरून दिल्याबद्दल

स. न. वि. वि.

डीबग लॉगमधले (चुका शोधण्यासाठी प्रोग्रॅमने लिहिलेल्या नोंदींमधले) आकडे वाचता यावेत म्हणून तुम्ही जे छोटंसं फंक्शन (प्रोग्रॅमचा तुकडा) लिहून दिलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून तुमचे मनापासून आभार.

नमपायमध्ये (पायथन भाषेतल्या आकडेमोडीच्या लायब्ररीत) ०.००००१, ०.२५, ३.५ एवढी साधी यादी छापली तरी १.०ई-०५, २.५ई-०१, ३.५ई+०० असं काहीतरी समोर यायचं. शून्य सोडून (आणि उणे चिन्ह न पाहता) सर्वांत लहान आकडा ०.०००१ च्या खाली गेला, किंवा सर्वांत मोठा आकडा त्याच्या हजारपटीहून जास्त निघाला, की सगळी ओळच ई-रूपात (१.०ई-०५ म्हणजे १.० गुणिले १० चा -५ वा घात) जाते. तुम्ही प्रिसिजन (दशांश स्थळं) ८ वरून ३ वर आणलंत, सप्रेस (ई-रूप टाळण्याची सोय) चालू केलंत आणि लाइनविड्थ (ओळीतली अक्षरं) ७५ ची १२० केलीत. तीच ओळ आता ०., ०.२५, ३.५ अशी येते. या सेटिंग्ज 'विथ' ब्लॉकमध्ये, म्हणजे तेवढ्याच ओळींपुरत्या, ठेवल्यात हेही उत्तम केलंत, नाहीतर सगळ्या प्रोग्रॅमची छपाई बदलली असती.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. त्या ओळीतलं पहिलं शून्य हे शून्य नाहीच, हे तुम्ही ओळखलंत. पुढे त्याने भागायचं असेल तर हा फरक जीवघेणा ठरतो. म्हणून शून्य सोडून सर्वांत लहान आकडा तुम्ही शेजारी ई-रूपातच छापता. हजारापेक्षा जास्त आकडे असले की नमपाय दोन्ही टोकांचे तीन-तीन दाखवून मधले गाळतो, आणि नॅन ('आकडा नाही' अशी खूण) नेमका मध्येच दडलेला असतो. तुमच्या ओळीत आकार, किमान, कमाल आणि नॅनची संख्या आधीच असते. किमान काढायला साधा मिन वापरला असता तर एका नॅनमुळे किमानही नॅनच आला असता. तुम्ही नॅन वगळून किमान काढणारा नॅनमिन वापरलात.

बिघडलेल्या चॅनेलची यादीही १७, १८, १९, २०, ४१, ४२, ५७ ऐवजी '१७–२०, ४१–४२, ५७ (एकूण ७)' अशी येते. आकड्यातून त्याचा यादीतला क्रमांक वजा केला की सलग आकड्यांची वजाबाकी सारखीच येते, किती सोपी युक्ती! आधी क्रम लावून दुबार आकडे काढायलाही तुम्ही विसरला नाहीत. १८ दोनदा आला असता तर १७–२० चे दोन तुकडे पडले असते.

नमपायची आवृत्ती २ आल्यापासून नमपायचे आकडे पायथनच्या साध्या यादीत ठेवून छापले की प्रत्येक आकड्याभोवती 'एनपी.फ्लोट६४()' ही १२ जादा अक्षरं येऊ लागली होती. छापण्याआधी तुम्ही टाकलेल्या टूलिस्टने (नमपायचे आकडे पायथनच्या साध्या आकड्यांत बदलणाऱ्या आज्ञेने) तीही गेली.

कळावे, लोभ असावा.

आपले,
टेस्टिंग टीममधले सहकारी