लाईन म्हणजे नेमकी कुठली?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एक पत्र छापून आलं होतं, की चांगला 'रांग' शब्द असताना मुंबईकर 'लाईन लाईन' का करतात, मराठी माणूस आळशी झालाय वगैरे. वाचून मलाही जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण मीच दिवसातनं पंचवीसदा लाईन म्हणत असेन. म्हटलं चला, एक दिवस हा शब्द बंद. दुपारी बारापर्यंतसुद्धा टिकलो नाही हो.

सकाळी लोकलच्या तिकिटाला रांगेत उभा राहिलो, तिथपर्यंत ठीक. मग ऑफिसात फोन करून सांगायचं होतं की हार्बर लाईन रखडलीय, तर हार्बरची रांग म्हणू की ओळ की मार्ग? 'बंदर मार्ग रखडलाय' म्हटलं असतं तर साहेबांना वाटलं असतं मी बोटीने येतोय. पुढे पाण्याची लाईन फुटली, गॅसची लाईन अजून आमच्या बिल्डिंगला आली नाही, शेजारचा पोरगा पोलीस लाईनीत राहायला गेला, फोनवरची बाई म्हणाली लाईनवर थांबा. प्रत्येक ठिकाणी मराठी शब्द वेगळा, आणि निम्म्या ठिकाणी तर शोधत बसावं लागतं. म्हणजे आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही हं, उलट ओळ, रांग, रेघ, रेषा, तार, नळ, मार्ग असे भरपूर आहेत. इंग्रजीवाले एकाच शब्दावर भागवतात आणि आपण तो एक उचलून सगळीकडे चालवतो.

आणि ज्याची त्याची लाईन वेगळी. माझी मावशी साताऱ्याकडची, गेल्या महिन्यात आमच्याकडे आली होती. शनिवारी रात्री मी बायकोला म्हटलं, उद्या मेगाब्लॉक आहे, हार्बर लाईन बंद. मावशी लगेच उठली आणि म्हणाली, "मग फोन आत्ताच चार्जिंगला लाव बाबा, आणि टाकी भरून घे." तिच्या गावाला लाईन गेली म्हणजे वीज गेली, आणि लाईनमन म्हणजे खांबावर चढणारा, दुसरी लाईन तिला ठाऊकच नाही. लग्नाच्या बोलणीतही असंच. मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा कुठल्या लाईनला? माझा भाऊ म्हणाला, सेंट्रलला, मुलुंड. त्यांना विचारायचं होतं नोकरी कसली करतो, हॉटेल लाईन की बँक. (तसं बघितलं तर मुंबईत स्थळ बघताना पहिलं उत्तरही तितकंच महत्त्वाचं असतं.)

आता मूळ कुठलं ते बघा. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे अळशी, आपण जिची चटणी करतो ती, जवस म्हणा. तिच्या खोडातल्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्या धाग्याची दोरी ती 'लिनिआ', तिथून लाईन. म्हणजे आधी दोरी, आणि ताणलेली दोरी सरळ असते म्हणून मग रेघ. कोटाच्या आतल्या अस्तराला लायनिंग म्हणतात तेही त्यातलंच, कारण अस्तर लिननचं लावायचे. आपल्या मरीन लाईन्समधली लाईन मात्र लष्कराची, तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या आणि अशा ओळीने बांधलेल्या बराकींना इंग्रज लाईन्स म्हणायचे. पोलीस लाईन, सिव्हिल लाईन्स हे त्याच घरचे.

बाकी रांगेला लाईन म्हणणं ही अमेरिकन सवय, इंग्लंडात माणसं 'क्यू'मध्ये उभी राहतात. माझे आजोबा बसच्या स्टॉपवर क्यूच म्हणायचे, "क्यू मोडू नका हो." क्यू हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ शेपूट. पावसाळ्यात संध्याकाळी शेअर रिक्षाचा क्यू बघितला की पटतं.

हे सगळं डोक्यात असतानाच घरी बाथरूमच्या टाइल्सचं काम निघालं. मिस्त्री आले, पिशवीतनं सुताचा गुंडा काढला, त्याला नीळ चोळली, एक टोक पोऱ्याला धरायला दिलं, दोरी ताणली आणि मधोमध चिमटीत धरून सोडली. फट्ट! भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ. मला म्हणाले, "काका, आधी लाईन मारून घेतो, मग टाइल बसवतो." माझी कॉलेजातली मुलगी दारात उभी होती, ती खो खो हसत आत पळाली. मिस्त्रींना कळेना काय झालं. मला मात्र तिथेच उभ्याउभ्या जाणवलं, अरे, ही तर अगदी मूळची लाईन, ताणलेला धागा!

आणि गंमत म्हणजे आपल्या मराठीनेही हेच केलंय, कुणाचं न बघता. सूत म्हणजे धागा, पण भिंत सुतात आहे म्हणजे सरळ आहे. सूत्र म्हणजेही मुळात धागाच, मग नियम झाला, गणितात फॉर्म्युला झाला. सुतार शब्द सूत्रधारातून आलाय, दोरी धरणारा तो, आणि नाटकातला सूत्रधारही तोच. त्यामुळे लाईन वापरली म्हणून मराठी बुडते हे मला काही पटत नाही. रांगेला रांग म्हणावं, माझंही तेच मत, छान शब्द आहे, मुद्दाम वापरतो आता. पण हार्बर लाईनला हात लावू नका आणि पोरं लाईन मारतात त्याला तर नाहीच नाही, तो अर्थ आपण दिलेला आहे, इंग्रजांना विचारून बघा, त्यांना कळणारसुद्धा नाही.

तुमच्याकडून एकच करा, लाइन की लाईन ते एकदा ठरवून टाका, परवा एकाच बातमीत मथळ्यात ऱ्हस्व आणि खाली दीर्घ होतं. ते पत्र लिहिणाऱ्यांनाही माझा नमस्कार सांगा. आणि हो, लाईन मारून झाल्यावर दोघांचं जमलंच तर मराठीत काय म्हणतात? सूत जुळलं.

आपला नेहमीचा वाचक,
चेंबूर, मुंबई