शाळेला द्यायच्या खोलीविषयी आई-अण्णांना

ती. आई व ती. अण्णा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर अण्णा म्हणाले, "आपली पोरं शिकून मार्गी लागली, आता शाळेला खोली देऊन आपल्याला काय मिळणार?" त्या वेळी मी गप्प राहिले, कारण मनातले सगळे फोनवर नीट मांडता आले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. आईने ते स्वतः वाचावे, घाई नाही.

मी चौथीत गेले त्या वर्षी दसऱ्यानंतर मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन तुम्ही कराडकडे ऊसतोडीला गेलात आणि मला पहिल्यांदाच आजीजवळ ठेवलेत. त्याआधीची दोन वर्षे मी तुमच्याबरोबर फडावर होते. फडावरच्या झोपडीत, कोपीत धाकट्याला सांभाळायचे, बैलांपुढे उसाच्या शेंड्यांचे वाढे टाकायचे, आणि तोड संपवून गावी आलो की वर्गातली मुले भागाकार करत असताना मी वजाबाकीतल्या हातच्यापाशी अडून बसायचे. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झाले नसते, तर तिसरे वर्षही तसेच गेले असते. आजीला नीट दिसत नव्हते, दोन वेळचे रांधणे तिला झेपणारे नव्हते. पण सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत मिळणार म्हटल्यावर मला मागे ठेवण्याचे धाडस तुम्हाला झाले. अनुदान यायला उशीर होई तेव्हा गावात राहिलेल्या बायका घरटी भाकरी देत. त्या सगळ्या एका दुरडीत पडत, कोणाची जाड, कोणाची करपलेली, आणि त्यातली बरी भाकरी आपल्या ताटात यावी म्हणून आम्ही रोज भांडत असू.

अण्णा, तुम्ही फायद्याचे विचारलेत, म्हणून सहावीतला तो हिशेब आठवून देते. हंगाम संपल्यावर मुकादम ओसरीवर वही घेऊन बसला होता आणि त्याच्या वहीप्रमाणे आपल्याच अंगावर बाकी निघत होती. आईने वजनाच्या पावत्या फडक्यात बांधून जपून आणल्या होत्या. तुम्हा दोघांना त्या वाचता येत नव्हत्या, पण टाकूनही दिल्या नव्हत्या. मी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि तारखा लावून पाहिल्या, तर वहीत दोन खेपा धरलेल्याच नव्हत्या. मुकादमाने आधी मला हसण्यावारी नेले, मग वही पुन्हा चाळली आणि खेपा मुकाट्याने लिहून घेतल्या. बाकी फिटली नाहीच, पण कमी झाली. त्याच उन्हाळ्यात आईने माझ्या पाटीवर आकडे गिरवले.

दुसरी गोष्ट लिहायला मला जड जाते. माझ्याबरोबरच्या ज्या मुली फडावर जात राहिल्या, त्यांतल्या तिघींची लग्ने दहावीच्या आत उरकली. त्यांच्या आई-वडिलांना मी दोष देत नाही. वयात आलेली मुलगी सहा महिने कोणाच्या भरवशावर मागे ठेवायची, हा प्रश्न खरा होता. आणि लग्न लावले की नवरा-बायकोचा एक नवा कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, तयार होऊन त्यावर उचल मिळते, हेही तितकेच खरे. आपल्या घरापुढे तो प्रश्न आला तेव्हा उत्तर म्हणून शाळा होती.

तुम्ही ज्या कराड भागात ऊस तोडलात, त्याच तालुक्यातल्या काले या गावी 1919 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याला 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून मी शिकले तेव्हा हे मला कळले. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एकत्र जेवत. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रसुद्धा दिले, आणि घराघरांतून जमलेल्या मूठमूठ धान्यावर संस्थेचा संसार चालला. आपल्या गावातली ती भाकऱ्यांची दुरडी त्याच प्रकारची होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता खोलीविषयी. ती विकायची किंवा कायमची लिहून द्यायची असे कोणी मागितलेले नाही; दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मागे राहिलेल्या मुलींना रात्री झोपायला आणि अभ्यासाला ती हवी आहे. तरीही तोंडी बोलण्यावर राहू नका. मुदत, विजेचे बिल आणि डागडुजी कोणी करायची, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, पण आपल्याकडे बायका सही करून परत जातात, हे आईनेच मला सांगितले होते. नातू पहिलीत असल्याने वहिनी समितीवर आहे. या वेळी तिने बैठक संपेपर्यंत बसावे आणि आईनेही तिच्याबरोबर जावे.

छताचे दोन पत्रे गळतात, त्यांचे पैसे मी पाठवते. त्या खोलीतली ज्वारीची कणगी मात्र मी येईपर्यंत हलवू नका. अण्णांच्या कमरेला ते ओझे सोसणार नाही, आणि वसुबारसेला मी येतेच आहे.

तुमची लाडकी,
ताई